मराठा आरमारातील गलबत : मूल्यमापनाचा एक प्रश्न

मराठ्यांच्या आरमाराची युरोपीय जहाजांशी तुलना करून, आकार व तोफा या दोन कसोट्यांवर ते उणे ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु जे साधन ज्या कार्यासाठी निर्माण झाले, त्याच कार्याच्या कसोटीवर त्याची परीक्षा होणे उचित होय.

अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार गलबत हे दोन डोलकाठ्यांचे, क्वचितच ७० टनांहून मोठे असे तारू होते. ४० ते ५० वल्ह्यांच्या बळावर, वारा पडला असताही, ते ताशी सुमारे ४ मैल जाई. अवजड गुराबांना ओढून युद्धस्थळी नेणे, टेहळणी, व्यापारी तारवांच्या दस्तकांची तपासणी, शत्रूच्या जहाजावर चढाई, अशी विविध कामे या एकाच जातीच्या नौकेकडून होत.

खांदेरीचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांनी इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब पकडली. पण 'रिव्हेंज' या जहाजापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. केवळ ही लढाई पाहिली, तर जय इंग्रजांचाच म्हणावा लागेल. तथापि नाकेबंदी फसली. रात्रीच्या अंधारात हलक्या तारवांतून बेटावर रसद पोचत राहिली आणि १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी तडजोड करून आपली जहाजे काढून घेतली. लढाई गेली, पण बेट राहिले.

ही निवड अजाणता झालेली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे न बांधण्याचा, तसेच ५ गुराबा व १५ गलबते यांचा सुभा करण्याचा स्पष्ट उपदेश आहे. प्रतिकूल प्रसंगी आरमाराने जलदुर्गाच्या आश्रयास यावे, असेही त्यात सांगितले आहे.

या पद्धतीची मर्यादाही तेथेच आहे. गलबताचे सामर्थ्य किल्ल्याच्या आश्रयावर अवलंबून होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी सख्य केलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा बंदरात आश्रयास असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. समुद्रावरून इंग्रजी तोफा आणि भूमीवरून स्वकीयांचे सैन्य, असा दुहेरी वेढा पडला असता तो आश्रयच निष्फळ ठरला. म्हणून या नाशाचे कारण केवळ नौकेच्या रचनेत न शोधता, किनारा व आरमार यांच्यातील दुभंगलेल्या सत्तेतही शोधले पाहिजे.