अबोल मूल आणि त्याचे अंगण

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द आज प्रगतिपुस्तकातील शेऱ्यांतही भेटतात. ते रूढ झाले कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञामुळे. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ही विभागणी मांडली. मनाची ओढ बाहेरच्या माणसांकडे, घडामोडींकडे आहे की स्वतःच्या विचारांकडे, हा त्याचा निकष. एकाच आईची दोन मुले लहानपणापासून परस्परविरुद्ध वळणाची निघतात, तेव्हा हा कल मुळातलाच असावा असे त्याचे मत होते. मात्र पालकांच्या दडपणामुळे मूल आपल्या कलाविरुद्ध वळवले गेले तर पुढे त्याचे मनःस्वास्थ्य बिघडते, असेही त्याने बजावले. त्याच्या साऱ्या वर्गवारीपेक्षा आम्हाला हा इशारा अधिक मोलाचा वाटतो.

लंडनच्या हान्स आयझेंक याने १९४७ पासून या विषयात मोजमाप आणले. हे दोन कप्पे नव्हेत, ही एक सलग पट्टी आहे आणि बहुतेक माणसे तिच्या मधल्या भागात असतात, हे त्यातून पुढे आले. नंतर जुळ्यांचे अभ्यास झाले. या गुणात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो, असे ते सांगतात. (एखाद्या मुलाचा निम्मा स्वभाव आईबापांकडून आला, असा याचा अर्थ नव्हे, हे गणित समूहातील फरकांचे आहे.) उरलेल्या भागाने संशोधकांनाही चकित केले. एका घरात वाढल्याने भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला आलेले वेगळे अनुभव अधिक परिणाम करतात.

पण गप्प बसणे म्हणजे अंतर्मुखता नव्हे. अंतर्मुख मुलाला एकांत आवडतो. बुजऱ्या मुलाला बोलायचे असते, पण भीती वाटते. आणि ही भीती पुष्कळदा जागेची असते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. 'या मुलांना शिक्षणाची गोडीच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. मुलांचा स्वभाव बदलण्याच्या खटपटीत न पडता या दोघींनी शाळेची जागा बदलली. जगभरच्या प्रयोगशाळांत जे पुढे हळूहळू कळत गेले, त्याचा व्यवहार इथे आधीच चालू होता.

आज हाच प्रश्न वडगाव निंबाळकरच्या परिसरातही पाहता येईल. सोमेश्वर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे येतात. त्यांतली काही मुले वर्ष अर्ध्यावर आले असता अनोळखी वर्गात येऊन बसतात. बोलीचा हेल वेगळा, मित्र मागे राहिलेले. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला दटावत, शेजारणीशी भांडत सारा संसार सांभाळत असू शकते. तिच्या नावापुढे 'अबोल' लिहिण्यापूर्वी एकदा कोपीपर्यंत जाऊन यावे. तिथेही ती शांतच असली, तर ती कदाचित खरोखर अंतर्मुख असेल. मग तिला स्नेहसंमेलनात बळेच पुढे ढकलू नये.