आधी उधारी, मग पाकीट

पगार हाती आला की भाडे, किराणा, फी अशी पाकिटे करायची, या पद्धतीत एक गोष्ट गृहीत असते : पैसा आधी, खर्च मागून. मुंबईच्या गिरणगावात क्रम उलटा होता. पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास. नव्या कामगाराचे पहिले सहा आठवडे उधारीवरच जात. लेबर ऑफिसच्या १९२१-२२च्या पाहणीत ४७ टक्के कामगार कुटुंबे कर्जात आढळली. व्याज पुष्कळदा रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. खापर लग्नकार्यांतल्या उधळपट्टीवर फुटे. पुढे १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. त्याने मुदत सात ते दहा दिवसांवर आणली. तोवर पगाराच्या दिवशी पहिले पाकीट सावकाराचे.