तळटीप : विलायती रस्त्यांची कोरीव चित्रे

* ‘विलायती रस्त्यांची कोरीव चित्रे’ : तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे. भंडाऱ्याच्या वाचकाने पितळी गुंडावर ठोकून घातलेले नाव पाहिलेच असेल. कोरणीचे काम त्याच जातीचे. मात्र इथे चित्र उलटे कोरावे लागते. रेघांत शाई भरून पत्रा पुसतात, वर ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबतात. रेघेतली शाई कागद उचलून घेतो. पिरानेसीची रोमची १३५ दृश्ये (सुमारे १७४८–७८) आणि होगार्थची लंडनमधील ‘बिअर स्ट्रीट’ व ‘जिन लेन’ (१७५१) ही या प्रकारातली नामांकित उदाहरणे. आपल्याकडचे वेरूळही असेच विलायतेत पोहोचले : जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने केलेली २४ चित्रे १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

संग्राहकाने आधी कडा पाहावी. पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती चौकोनी खोलगट वळ उमटतो. भिंगाखाली सलग रेघा दिसल्या तर कोरीव काम असण्याचा संभव. सारखे ठिपके दिसले तर ती नंतरची यांत्रिक नक्कल. रंग बहुधा हाताने भरलेले असतात. रस्त्याच्या नावाची अक्षरे उलटी असली तरी चित्र टाकून देऊ नये. आरसा लावलेल्या भिंगातून पाहण्यासाठी काही चित्रे मुद्दाम तशी छापत. पावसाळ्यात चौकट ओल्या भिंतीला टेकवू नये. कागद एकदा बुरशीने डागाळला, की मूळ रूप सहसा परत येत नाही. — संपादक