हँडहेल्ड गेमिंग संगणक

हँडहेल्ड गेमिंग संगणक : पडदा, बटणे, बॅटरी आणि संपूर्ण संगणक एकाच कवचात बसवलेले, दोन्ही हातांत धरून खेळायचे यंत्र. बोलताना सगळे त्याला नुसते ‘हँडहेल्ड’ म्हणतात. दिसायला ते निन्टेन्डो स्विचसारखे असते. पण कन्सोलवर त्या कंपनीने मान्य केलेलेच गेम चालतात, तर इथे स्टीम, एपिक अशा ऑनलाइन दुकानांतून घेतलेले पीसीचे गेम चालतात. मॉनिटर, कीबोर्ड जोडला की त्यावर एक्सेलची शीटही भरता येते. अशा यंत्रात काय काय घालावे, ते केवढे असावे आणि ते किती जणांना परवडावे, या तीन प्रश्नांची ओढाताण हाच या प्रकाराचा इतिहास आहे.

सगळी अडचण बॅटरीपासून सुरू होते. वॅल्व्ह कंपनीचे स्टीम डेक फेब्रुवारी २०२२मध्ये बाजारात आले. त्याची बॅटरी ४० वॅट-तासांची, म्हणजे साधारण दोन स्मार्टफोनांच्या बॅटऱ्यांएवढी. मुख्य चिप ४ ते १५ वॅट खाते. त्यात पडदा, मेमरी, वायफाय आणि पंखा यांची भर पडली की जड गेममध्ये एकूण खर्च २५ वॅटच्या आसपास जातो आणि दीड-पावणेदोन तासांत चार्जर शोधावा लागतो. कंपनीनेही २ ते ८ तास असाच पल्ला सांगितला होता. आठ तास हलक्याफुलक्या द्विमितीय गेमचे. बॅटरी मोठी करावी तर वजन वाढते. चिपला जास्त वॅट द्यावेत तर उष्णता वाढते, उष्णतेला मोठा पंखा लागतो आणि पंख्याला जाड कवच. एक धागा ओढला की बाकीचे सगळे ओढले जातात.

वॅल्व्हने ही गाठ पडद्यापाशी सोडवली. स्टीम डेकचा सात इंची पडदा १२८० × ८०० पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम दहा लाख पिक्सेलचा होता. त्याच वेळी स्वस्तातले मॉनिटरही १९२० × १०८०चे मिळत असल्याने कागदावर हा आकडा अगदीच मागास वाटला. पण १९२० × १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल. प्रत्येक फ्रेमला दुप्पट रंगकाम आणि त्यासाठी जास्त वीज. सात इंचांवर डोळ्याला दिसणारा फरक त्या मानाने थोडा. मूळ किंमत ३९९ डॉलरला रोखून धरता आली, त्यात या निर्णयाचाही वाटा आहे.

असूसने जून २०२३मध्ये आणलेल्या आरओजी अलायने उलट बाजू घेतली. १०८०पी पडदा, १२० हर्ट्‌झ, अधिक ताकदीची चिप, आणि वजन ६०८ ग्रॅम, म्हणजे ६६९ ग्रॅमच्या डेकपेक्षा हलके. बॅटरी मात्र तीच ४० वॅट-तासांची. २५ वॅटच्या टर्बो मोडमध्ये ती तासाभरातच आटोपते. पुढच्या वर्षी आलेल्या अलाय एक्समध्ये असूसने बॅटरी थेट दुप्पट, ८० वॅट-तासांची केली आणि वजन ६७८ ग्रॅम होऊ दिले. सत्तर ग्रॅम देऊन दुप्पट वेळ मिळाला. या क्षेत्रातला सर्वांत शहाणा सौदा हाच, असे म्हणायला हरकत नाही. (विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, त्यामुळे याहून फार पुढे जायला वावही नाही.)

लेनोवोचे लिजन गो ‘सगळे काही हवे’ या विचाराचे टोक आहे. ८.८ इंची पडदा, सुटे होणारे कंट्रोलर, त्यातला उजवा उभा धरून माउससारखा वापरण्याची सोय, मागे स्टँड. यादी भरगच्च, आणि वजन ८५४ ग्रॅम. मांडीवर किंवा टेबलावर ते उत्तम चालते. हातात अधांतरी धरले की मनगटे लवकरच तक्रार करतात.

हा धडा जुनाच आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, एकरंगी आणि बिनप्रकाशाचा होता. अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर रंगीत, प्रकाशमान पडदे घेऊन आले. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांचा आग्रहच होता की जुने, स्वस्त झालेले तंत्र नव्या कल्पकतेने वापरावे. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास १२ कोटी नग खपले. महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकातल्या मुलांना हेच तत्त्व त्याहूनही स्वस्त रूपात भेटले : जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारा, विटा रचायचा ‘ब्रिक गेम’.

संपूर्ण पीसी हातात आणण्याचे प्रयत्न स्टीम डेकच्या आधीही झाले. शेनझेनच्या जीपीडी कंपनीचे जीपीडी विन २०१६मध्ये लोकवर्गणीतून आले, पण ते हौशी मंडळींपुरते राहिले. स्टीम डेक सर्वसामान्यांपर्यंत गेले ते यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरमुळे. लिनक्सवर आधारित स्टीमओएस आणि विंडोजचे गेम त्यावर चालवणारा प्रोटॉन हा थर यांनी पीसीला कन्सोलसारखे सोपे केले. पॉवरचे बटण दाबले की गेम जिथल्या तिथे झोपतो, पुन्हा दाबले की काही सेकंदांत तिथूनच सुरू होतो. विंडोजची यंत्रे इथे बराच काळ मागे पडली. उलट व्हॅलोरंटसारखे, भारतात मित्रमंडळी एकत्र खेळतात ते काही गेम फसवणूकरोधक प्रणालीमुळे स्टीमओएसवर चालतच नाहीत. तरी हा बाजार अजून लहान आहे. आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ ते २०२४ या काळात सर्व प्रमुख हँडहेल्ड संगणक मिळून सुमारे ६० लाख गेले. एकट्या निन्टेन्डो स्विचने २०१७पासून १५ कोटींचा टप्पा ओलांडला आहे.

भारतात किंमत हाच पहिला उंबरठा. स्टीमवर नोव्हेंबर २०१५पासून रुपयांत खरेदी होते, पण वॅल्व्हने स्टीम डेक इथे अधिकृतपणे विकायला आणलेले नाही. जे दिसतात ते बाहेरून आलेले, वॉरंटीचा आधार नसलेले. आरओजी अलाय जुलै २०२३मध्ये अधिकृतपणे आले, ६९,९९० रुपयांना. तेवढ्यात चांगला गेमिंग लॅपटॉप येतो, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी पैसे मोजणारे आईवडील लॅपटॉपच घेतात. त्यांचे चुकत नाही. शिवाय प्रत्येकाच्या खिशात दोनशे ग्रॅमचा फोन आहेच आणि त्यावर बीजीएमआयसारखा गेम फुकट आहे.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडचे कोपरी घेतले तर वापराचा हिशेबही नेमका कळतो. इथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीला नोकरीला जाणाऱ्याचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा; सीएसएमटीला धीम्या लोकलने साधारण तासाभराचा. स्टीम डेकची रुंदी २९८ मिलिमीटर. ते धरून कोपरे टेकवायला जेवढी जागा लागते तेवढी गर्दीच्या वेळी बाकावर नसते. चौथ्या सीटवर टेकलेल्याला तर नाहीच. उभ्याने एक हात कडीला लागतो आणि दोन्ही हातांचे यंत्र तिथेच बाद होते. फोन मात्र एका हातात राहतो. म्हणजे ‘प्रवासातले यंत्र’ ही जाहिरातीतली ओळख मुंबईच्या लोकलला लागू पडत नाही. ते खरे उपयोगी पडते घरी : वन रूम किचनमध्ये, जिथे टीव्हीवर मालिका चालू आहे, टेबलाला जागा नाही आणि धाकट्याचा अभ्यास संपायचा आहे. हेडफोन लावून भिंतीला टेकले की कोणाची अडचण न होता खेळता येते, आणि चार्जर हाताशी असल्याने बॅटरीचा प्रश्नही निम्मा सुटतो. अशा घरासाठी मोठ्या बॅटरीपेक्षा शांत पंखा आणि कमी किंमत महत्त्वाची. निर्मात्यांनी भारताकडे या नजरेने अजून पाहिलेले नाही.

महाराष्ट्रातला गेम-उद्योग मात्र हातातल्या पडद्यावर आधीच पोचला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे भारतात अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या यंत्रावर. पीसी आणि इतर कन्सोलांवर तो ऑक्टोबरात आला. पुढे मराठीत गेम करू पाहणाऱ्यांसमोर लहान पडद्याचा आणखी एक प्रश्न आहे. देवनागरीत रेषेच्या वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे असतात. सात इंचांच्या ८००पी पडद्यावर इंग्रजीसाठी नेमलेल्या टंकात ‘दृष्टी’, ‘ऊर्ध्व’ असे शब्द लगदा होतात. अक्षर मोठे आणि ओळींतले अंतर जास्त ठेवावे लागते, आणि त्यासाठी संवादाच्या चौकटीची जागा आराखड्यातच राखून ठेवावी लागते.