आत्याच्या गळ्यातला पाहुणा

सोनाराच्या दुकानात नवरा म्हणून बसण्याचा ज्याला सराव आहे, त्याला इतिहासाची गोडी लागायला वेळ लागत नाही. बायको डिझाइनं बघत असते. चहा येऊन गार होतो, भिंतीवरचं कॅलेंडर एकादशीसकट पाठ होतं, आणि मग माणूस विचार करू लागतो, की या दागिन्यांवर मोरच का? आंबाच का? मासा का नाही?

माशाचं नाव मी उगीच घेतलेलं नाही. इ. स. २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियात क्लेमेंट नावाच्या एका ख्रिस्ती पंडिताने, ख्रिस्ती माणसाने अंगठीवर काय कोरून घ्यावं, याचा निकाल देऊन ठेवला आहे. त्या काळी रोमन साम्राज्यात अंगठी म्हणजे नुसता दागिना नव्हे. ते घरचं शिक्कामोर्तब. बायकांना सोन्याची एक अंगठी चालेल, असं क्लेमेंटमहाराज म्हणतात, पण मिरवायला नाही, घरातल्या जिनसांवर मोहोर करायला! थोडक्यात, भंडारघराच्या किल्ल्यांचा जुडगा. पुरुषाने ती करंगळीच्या मुळाशी घालावी. आणि चिन्हं? कबुतर, मासा, वाऱ्यावर निघालेलं गलबत, वीणेसारखं वाद्य, नांगर. परक्या देवांचे चेहरे नकोत. तलवार-धनुष्य नको, कारण आपण शांततावाले. मद्याचे पेले नकोत, कारण आपण बेताने पिणारे.

या यादीत क्रूस मात्र नाही. असणार कसा? क्रूस म्हणजे त्या काळचा सूळ. ज्यावर गुन्हेगार लटकवतात ते लाकूड गळ्यात कोण बांधील? आमच्या चांद्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १८५८ साली बाबुराव शेडमाक्यांना इथल्या तुरुंगाजवळच्या पिंपळावर इंग्रजांनी फाशी दिलं. दहशत बसावी म्हणून निवडलेलं ते झाड. आज २१ ऑक्टोबरला लोक त्याच पिंपळापुढे हात जोडतात. क्रूसाचंही तसंच झालं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ताच्या बाजूला आला, आणि मग हळूहळू सुळाचा दागिना झाला.

तोवर काम भागवलं माशाने. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जुळवली की माशासाठी असलेला ग्रीक शब्द तयार होतो. गंमत अशी, की हे मासे-नांगर काही ख्रिस्ती सोनाराने नव्याने काढले नव्हते. ते बाजारात होतेच. खलाशी नांगराची अंगठी घाली, कोळी माशाची घाली, आणि शेजारचा ख्रिस्ती तीच अंगठी घालून मनात दुसरंच काही म्हणे. २०२१ साली इस्रायलने कैसरियाजवळच्या समुद्रात सापडलेली सोन्याची अष्टकोनी अंगठी दाखवली. तिच्या हिरव्या खड्यावर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. ख्रिस्ती माणसाला तो 'उत्तम मेंढपाळ' ख्रिस्त; पण असा मेंढपाळ ग्रीक लोक ख्रिस्ताच्या कितीतरी आधीपासून घडवत होते. चिन्ह एक, वाचणारे दोन.

आपल्याकडे बरोबर उलटं घडलं. तिकडे लोकांनी बाजारच्या माशात ख्रिस्त पाहिला. इकडे साक्षात ख्रिस्त गळ्यात आला आणि आपण त्याला 'पुतळी' म्हटलं.

आमचं घराणं भोसल्यांच्या कारकुनीत नागपूरहून चांद्याला आलं आणि उन्हाळ्याची सवय झाल्यावर इथलंच झालं. त्या काळापासूनची एक पुतळ्यांची माळ माझ्या आत्याकडे आहे. नातीच्या लग्नात ती आटवून बांगड्या कराव्यात असा ठराव घरात जवळजवळ पास झाला होता. आटवण्याआधी मी आपलं तिकिटं बघायचं भिंग घेऊन बसलो. पुतळीच्या एका बाजूला दोन माणसं, मध्ये ध्वजाची काठी. एक उभा, एक गुडघे टेकून. घरच्या परंपरेप्रमाणे उभा तो राम आणि गुडघे टेकलेला अर्थातच मारुती. दुसऱ्या बाजूला लांबट अंड्यासारख्या चौकटीत, चांदण्यांमध्ये एक उभी मूर्ती. तो विठोबा.

वास्तविक हे नाणं व्हेनिसचं दुकाट. १२८४ साली सुरू झालं आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिलं. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शंभर नंबरी सोनं! मिरी आणि मसाल्यांच्या मोबदल्यात ते पूर्वेकडे वाहत आलं. उभा तो संत मार्क, गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोजे म्हणजे तिथला मुख्य, आणि चांदण्यांतला तो ख्रिस्त. नाणं इतकं पत राखून होतं की आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. आत्याच्या पुतळ्या त्यांतल्याच. लॅटिन अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग आहे. दक्षिणेत या नाण्याला 'शाणार कासू' म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. ध्वजाची काठी हे ताडाचं झाड, आणि पुढचं सगळं ओघाने आलंच! आमच्या सिरोंच्याकडच्या लोकांना हे वाचन विनातक्रार पटेल.

मी हे सगळं भर बैठकीत सांगितलं. क्षणभर शांतता. मग आत्या म्हणाली, "काऊन रे, देवच आहे ना तो? मग झालं! हे टायफॉइडने दवाखान्यात होते तेव्हा रात्रभर ही माळ मुठीत धरून मी रामाचं नाव घेतलं. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं ना बाप्पा!"

माळ वाचली. बांगड्यांचे पैसे दुसरीकडून उभे करावे लागले. कुठून, ते भिंगवाल्याला विचारू नका.

ही आपली खोड जुनीच आहे. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, गळ्यात ओवता येतील अशा. त्यांत टिबेरियसच्या नाण्यांवरून काढलेल्याही आहेत. ज्याच्या अमलात ख्रिस्ताला क्रूसावर चढवलं तोच हा टिबेरियस. आधी बादशहा दख्खनच्या गळ्यात आला, मागून त्याचा कैदी. आपण दोघांनाही सारखंच मिरवलं. गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारांत मी माडिया बायांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा पाहिल्या आहेत. त्यावरून कोणी त्यांना व्हिक्टोरियाच्या भक्त समजू नये. पण चित्राकडे कोणी बघतच नाही, असंही नाही. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, आणि सरकारला ती नाणी मागे घेऊन हत्तीची सोंड नीट करावी लागली. पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे साम्राज्याचंही चालत नाही.

हजार वर्षांनी कोणी चांद्याच्या मातीतून ही माळ खणून काढील आणि 'वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातली ख्रिस्ती वसाहत' असा प्रबंध लिहील. त्याला डॉक्टरेट जरूर मिळावी. सोनं त्याच्या हाती लागेल, चित्रही लागेल. दवाखान्यातली ती रात्र मात्र कुठल्याच पुतळीवर उमटलेली नाही. म्हणून ती इथे लिहून ठेवली.