तेरची तरंगती वीट

तेरणेकाठच्या तेर गावातल्या जुन्या देवळांची वीट पाण्यात टाकली तर बुडत नाही. गाव संत गोरोबाकाका कुंभारांचं, चिखल तुडवणाऱ्यांचं. पण ही वीट गोरोबांच्याही कितीतरी आधीची.

तरंगत्या विटेची जुनी लेखी नोंद रोमन वास्तुकार विट्रुव्हियसची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. स्पेनमधली दोन गावं आणि आशिया मायनरमधलं पितानी इथल्या विटा तरंगतात, कारण तिथली मातीच प्युमिससारखी, असं तो सांगतो. प्युमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांसकट थिजलेला लाव्हा. तिथे हलकेपणा जमिनीनेच दिला होता.

तेरच्या धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला ते सुख नाही. इथला खडकही लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण घट्ट बसाल्ट, घनमीटरला पावणेतीन टनांच्या घरातला. तो झिजून झालेली काळी माती चिकट, वाळताना भेगाळणारी. तेरच्या कारागिरांनी तिच्यात सढळ हाताने तूस कालवलं. तुसाने भेगा आवरल्या. भट्टीत ते जळून गेलं आणि वीट पावासारखी जाळीदार झाली. भाजलेली साधी वीट घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. ती पाण्यावर तरंगायची तर निम्म्याहून अधिक भाग पोकळच हवा. तूस कमी पडलं तर वीट बुडणार, जास्त झालं तर हातात चुरा येणार. लोक याला चमत्कार म्हणतात. माझ्या मते ही मुरलेली कारागिरी आहे.

तुसाचं काम पुढे रसायनाने केलं. 1920च्या दशकात स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी चुन्याच्या ओल्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घातली. हायड्रोजन सुटून मिश्रण फुगलं, मग दाबाखालच्या वाफेत ते पक्कं केलं. आपले गवंडी ज्याला ‘सिपोरेक्स’ म्हणतात, तो ब्लॉक हाच.

बांधकामाच्या वजनाचा प्रश्न या जिल्ह्यात जिवावर बेतणारा ठरला आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर परिसरात माणसं गाडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली.

तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या तरंगत्या विटा 2021च्या जागतिक वारसा मानांकनानंतर सर्वदूर गाजल्या. तेरच्या विटेलाही तेवढंच लक्ष मिळायला हवं. तेरला जाल तेव्हा तिथलं लामतुरे पुराणवस्तू संग्रहालय जरूर पाहा. देवळाच्या विटेचा तुकडा पाण्यात टाकून पाहायचा मोह मात्र आवरा.