पंचवीस हजार रस्ते मुखोद्गत

वेद मुखोद्गत करणारे घनपाठी आपल्याला नवे नाहीत. पण साऱ्या शहराचे रस्ते घोकणारे विद्यार्थी लंडनमध्ये आजही आहेत, आणि तेही केवळ टॅक्सीच्या परवान्यासाठी, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

१६३४ साली कॅप्टन बेली नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर भाड्याच्या चार घोडागाड्या उभ्या केल्या. धंदा वाढला, गर्दी झाली, आणि १६५४ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत त्याला नियम लागले. पुढे १८५१ च्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाला लोटलेल्या पाहुण्यांनी गाडीवानांना रस्तेच ठाऊक नसल्याची तक्रार केली, असे सांगतात. रस्त्यांच्या परीक्षेचा आरंभ १८६५ सालचा मानतात. तिचे नावच मुळी ‘नॉलेज’, म्हणजे ज्ञान!

चेरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतले सुमारे पंचवीस हजार रस्ते, शिवाय नाटकगृहे, इस्पितळे, खाणावळी, पुतळे, एवढा हा अभ्यासक्रम. त्यासाठी ३२० मार्ग आखलेले आहेत. पहिला मॅनर हाउस स्टेशनापासून गिब्सन स्क्वेअरपर्यंतचा. उमेदवार फटफटीवर नकाशा अडकवून भर पावसात हिंडतो, आणि संध्याकाळी सोबत्यापुढे बसून मार्ग म्हणून दाखवतो. तोंडी परीक्षेला कोट-टाय घालून जायचे. परीक्षक दोन ठिकाणे सांगणार. नकाशा न पाहता वाटेतला प्रत्येक रस्ता आणि वळण क्रमाने सांगायचे. आधी ५६ दिवसांनी, मग २८, मग २१ दिवसांनी अशा या फेऱ्या चालतात. हिरवा बिल्ला छातीवर लागेपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात.

या घोकंपट्टीने माणसात काय फरक पडतो? २००० साली एलिनॉर मॅग्वायर या विदुषीने दाखवून दिले की, या चालकांच्या मेंदूतला दिशांचे स्मरण ठेवणारा एक भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग २०११ मध्ये तिने आणि तिच्या सहकारी संशोधिकेने ७९ उमेदवारांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले, आणि मेंदूतली ती वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. गंमत अशी की, नवी आकृती लक्षात ठेवण्याच्या एका चाचणीत हेच लोक मागे पडले. निसर्ग फुकट काही देत नाही.

२०१२ पासून लंडनमध्ये मोबाइलवरून बोलावण्याच्या गाड्या आल्या. त्यांच्या चालकांनाही परवाना लागतो, परंतु हे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागत नाहीत. वाट यंत्र दाखवते. उमेदीची वर्षे खर्चून बिल्ला मिळवणाऱ्याला हे जिव्हारी लागले, तर नवल नाही. पण कमी भाड्यात घरी पोचणाऱ्या उतारूला तरी दोष कसा द्यावा?

हा वाद लंडनकर मिटवतील. आपण मात्र फराळाला बसल्यावर घरापासून स्टेशनापर्यंतच्या गल्ल्या डोळे मिटून क्रमाने सांगून पाहाव्यात. आपला बिल्ला कोणत्या रंगाचा, ते घरातली मुलेच ठरवतील!